दोन मेंदूंमधली लिपी

मेंदूच्या विद्युत्-लहरींचा जो आलेख आज दवाखान्यांत सर्रास ईईजी म्हणून ओळखला जातो, तो टेलिपथीच्या मागावर निघालेल्या एका माणसाच्या हाती लागला. जर्मनीतला हान्स बर्गर १८९०च्या दशकात वुर्ट्झबर्गला लष्करी सेवेत असताना घोड्यावरून पडला आणि तोफगाड्याच्या चाकाखाली जाता जाता वाचला. त्याच दिवशी दूर घरी असलेल्या त्याच्या बहिणीला भावावर काही संकट ओढवल्याचे एकाएकी वाटू लागले. तिच्या आग्रहावरून वडिलांनी खुशाली विचारणारी तार केली. आपली भीती बहिणीच्या मनात थेट पोचली, अशी बर्गरची खात्री पटली. मनाची ही ऊर्जा मेंदूत कुठे मोजता येते का, या ध्यासाने पुढे येना शहरात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करताना त्याने वर्षानुवर्षे प्रयोग केले. १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून त्याला विद्युत्-लहरींची पहिली नोंद मिळाली आणि १९२९ मध्ये ती त्याने प्रसिद्ध केली. त्या नोंदीत विचार कुठे सापडला नाही. सेकंदाला दहाएक वेळा वरखाली होणारी एक रेघ तेवढी सापडली. गंमत अशी की ज्या प्रसंगाने हा शोध सुरू झाला, त्या प्रसंगातही बहिणीच्या मनातली धास्ती भावाला कळली ती तारेचा कागद वाचूनच. मनाची गोष्ट मनाला पोचली असे आपण म्हणतो, तेव्हा मधली तार आपल्या नजरेतून निसटते. या विषयाच्या शंभर वर्षांच्या इतिहासात ती पुन्हा पुन्हा निसटत आलेली आहे.

आज हे स्वप्न एकाकी शास्त्रज्ञांपुरते राहिलेले नाही. एक दिवस माणसे आपले भरगच्च विचार एकमेकांना थेट पाठवू शकतील, असा विश्वास मार्क झुकरबर्ग यांनी २०१५ मध्ये जाहीरपणे व्यक्त केला. इलॉन मस्क यांचे म्हणणे थोडे वेगळ्या अंगाने जाते. डोक्यातली विस्तीर्ण कल्पना शब्दांच्या अरुंद नळीतून सोडावी लागते आणि त्यात तिचा बराच भाग गळून जातो. मेंदू मेंदूला जोडला तर ती गळती थांबेल, असे ते सांगतात. दोन्ही दाव्यांच्या मुळाशी एक गृहीत आहे. विचार आधी डोक्यात पूर्ण तयार असतो, भाषा ही त्याची केवळ वाहतूक, आणि वाहन सुधारले की माल जसाच्या तसा पोचेल. हे गृहीत चुकीचे आहे, असे मला वाटते. मेंदू ते मेंदू संवाद म्हणून आजवर जे साधले आहे ती एक नवी लिपी आहे. लिपीला संकेत लागतो, संकेताला आधीचा करार लागतो आणि करार करायला भाषा लागते. पुढील प्रकरणांत वाचकाला बरीच यंत्रे, आकडे आणि वाद भेटतील. ते वाचताना हे एक सूत्र हाताशी असावे, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

आधी प्रत्यक्ष काय घडले ते पाहू. भारतातली तारसेवा २०१३च्या जुलैत बंद झाली, आणि पुढच्याच महिन्यात, १२ ऑगस्टला, अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात राजेश राव आणि आंद्रेआ स्टोक्को या संशोधकांनी एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूकडे तारेसारखाच एक ठोका पाठवला. राव डोक्यावर ईईजीची टोपी घालून संगणकावरचा खेळ पाहत होते. तोफ डागायच्या क्षणी त्यांनी आपला हात हलतो आहे अशी नुसती कल्पना केली. त्यांच्या लहरींतला बदल संगणकाने हेरला, इंटरनेटवरून आवाराच्या दुसऱ्या टोकाला कळवला, आणि तिथे बसलेल्या स्टोक्को यांच्या डोक्यावरच्या वेटोळ्यातून एक चुंबकीय स्पंद सुटला. हाताचे नियंत्रण करणाऱ्या मेंदूच्या भागावर तो बसला आणि स्टोक्को यांचे बोट कळीवर पडले. वर्तमानपत्रांनी याला मनावर चालणारे रिमोट कंट्रोल म्हटले. स्टोक्को यांनी स्वतः मात्र ते हलणे आपोआप येणाऱ्या आचक्यासारखे वाटले, असे सांगितले. या साध्या कबुलीत प्रयोगाचे खरे मर्म आहे. स्नायूला हुकूम पोचला, पण ‘तोफ डागावी’ हा विचार स्टोक्को यांच्या मनात उगवलाच नाही.

पुढच्या वर्षीचा प्रयोग आपल्या अधिक जवळचा आहे, कारण त्याचे पाठवणारे टोक तिरुवनंतपुरममध्ये होते आणि घेणारे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्ये. बार्सिलोनातली स्टारलॅब ही कंपनी, स्ट्रासबर्गची ॲक्सिलम रोबोटिक्स आणि हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालय यांच्या संशोधकांनी ‘ओला’ आणि ‘चाओ’ ही स्पॅनिश आणि इटालियन अभिवादने पाठवली. प्रत्येक रोमन अक्षरासाठी शून्य आणि एक यांच्या पाच खुणा ठरवल्या होत्या. ही पाच खुणांची युक्ती फ्रान्सिस बेकनची, म्हणजे चारशे वर्षांपूर्वीची. केरळातल्या माणसाने एकासाठी हात हलवण्याची आणि शून्यासाठी पाय हलवण्याची कल्पना करायची. फ्रान्समधल्या माणसाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला चुंबकीय स्पंद द्यायचे. डोळ्यांपुढे प्रकाशाचा ठिपका चमकला तर एक, न चमकला तर शून्य. चुका निस्तरता याव्यात म्हणून चार अक्षरांचा शब्द सात वेळा पाठवला गेला, असे एकूण १४० बिट झाले. वेग मिनिटाला दोन ते तीन बिट होता, त्यामुळे एका अभिवादनाला सुमारे ७० मिनिटे लागली. पाच खुणांत फार तर ३२ चिन्हे मावतात. आपली व्यंजनेच तिशीपलीकडे जातात. स्वर, मात्रा आणि जोडाक्षरे धरली तर ‘नमस्कार’ पाठवायला बेकनची पेटी अपुरीच पडली असती.

त्यानंतर वॉशिंग्टनच्या गटाने बरीच सफाई आणली. २०१५ मध्ये वीस प्रश्नांसारखा ओळखण्याचा खेळ झाला. त्यात उत्तर देणाऱ्याचे ‘हो’ दुसऱ्याला प्रकाशाच्या ठिपक्यातून कळत होते आणि ७२ टक्के डावांत वस्तू बरोबर ओळखली गेली. जोडणी खोटी ठेवलेल्या डावांत हे प्रमाण अवघे १८ टक्के होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ब्रेननेट’ प्रयोगात तिघे जण जोडले गेले. दोघांनी पडता ठोकळा फिरवायचा की नाही ते कळवायचे आणि तिसऱ्याने पटल न पाहता निर्णय घ्यायचा. सरासरी ८१ टक्क्यांहून थोडे अधिक निर्णय अचूक आले. आकडे खरे आहेत, प्रयोग प्रामाणिक आहेत. तरी पाठवणारा नेमके काय करत होता, हे विचारायला हवे. तो वेगवेगळ्या गतीने लुकलुकणाऱ्या दोन दिव्यांपैकी एकाकडे टक लावून पाहत होता. डोळ्यांपुढचा दिवा ज्या गतीने लुकलुकतो, ती गती मेंदूच्या लहरींत उमटते आणि यंत्र ती टिपते. ‘फिरव’ हा विचार कोणी वाचला नाही. नजर कोणत्या दिव्यावर आहे, एवढेच वाचले गेले. या दिव्याचा अर्थ ‘हो’ आणि त्या दिव्याचा ‘नाही’, हे प्रयोगापूर्वी सगळ्यांना तोंडी समजावून सांगावे लागले होते. तारमास्तरालाही मॉर्सची लिपी आधी शिकावी लागे. फरक इतकाच की त्याचा हात यापेक्षा कितीतरी जलद चाले. सतरा भाषांच्या तुलनेतून २०१९ मध्ये असे दिसून आले की माणसाच्या बोलण्यातून सेकंदाला सरासरी ३९ बिट माहिती जाते. तिरुवनंतपुरमची तार त्याच्या सुमारे हजारपट मंद होती.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. ही सुरुवात आहे, बेलचा पहिला टेलिफोनही खरखरतच होता, पाळण्यातल्या बाळाला धावता येत नाही म्हणून हिणवू नये. आक्षेपात तथ्य आहे, आणि मेंदूतून बाहेर वाचण्याच्या बाबतीत तर बाळ खरोखरच धावू लागले आहे. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वाचा गेलेल्या एका स्त्रीच्या मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडांतून, ती बोलण्याचा प्रयत्न करत असताना, मिनिटाला ६२ शब्द वाचले. दुसऱ्याच वर्षी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत एएलएस या आजाराने वाचा हरपलेल्या माणसाचे शब्द ९७ टक्के अचूकतेने पटलावर उमटले. ही थक्क करणारी प्रगती आहे, आणि ती कुठे झाली ते पाहण्याजोगे आहे. यंत्राने इथे ओठ, जीभ, घसा हलवण्याच्या मेंदूने दिलेल्या आज्ञा वाचल्या, म्हणजे आधीच भाषेत उतरलेली गोष्ट वाचली. मेंदूत लिहिण्याची बाजू अजून रांगते आहे. तिथले सर्वांत मोठे यश म्हणजे कानातले कॉक्लिअर रोपण, आणि ते फार तर वीस-बावीस इलेक्ट्रोडांनी श्रवणाच्या मज्जातंतूला चेतवते. रोपण झाले त्याच दिवशी मूल शब्द समजू लागत नाही. त्या ठोक्यांतून बोलणे ओळखायला ते महिनोन्‌महिने सरावाने शिकते. यंत्राने ठोका दिला, अर्थ मुलाने कमावला. पिट्सबर्गमध्ये २०१६ साली एका पक्षाघात झालेल्या माणसाच्या मेंदूला हलका विद्युत्-प्रवाह देऊन त्याला बोटांवर स्पर्श झाल्याची जाणीव करून देता आली. स्पर्श लिहिता येतो, ठिपका लिहिता येतो, आचका लिहिता येतो. ‘उद्या पाऊस आला तर पेरणी करू’ हे कुठल्या पेशींत लिहायचे?

या प्रश्नाला तारांची संख्या वाढवून उत्तर मिळणार नाही, असे मानायला सबळ पुरावा आहे. मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत आणि मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीच्या पहिल्या मानवी रोपणात १,०२४ इलेक्ट्रोड होते, ही तफावत मोठी आहेच. पण समजा ती मिटली. तरी दोन मेंदूंत एकच गोष्ट एकाच जागी, एकाच रीतीने नोंदलेली नसते. टेक्सास विद्यापीठात २०२३ मध्ये ऐकलेल्या गोष्टींचा आशय एमआरआयच्या चित्रांवरून उलगडणारी प्रणाली तयार झाली. त्यासाठी प्रत्येक माणसाला सोळा तास यंत्रात पडून गोष्टी ऐकाव्या लागल्या, आणि एकावर शिकवलेली प्रणाली दुसऱ्याच्या मेंदूवर निकामी ठरली. आंबा म्हटल्यावर देवगडच्या बागायतदाराच्या डोक्यात मोहोरावरची फवारणी, पेट्यांचा भाव आणि वादळाची धास्ती जागी होते. लंडनमध्ये वाढलेल्या मराठी मुलाच्या डोक्यात डबाबंद रसाची चव. दोघांच्या मेंदूतला आंबा एक नाही, तरी दोघे आंब्याविषयी बोलू शकतात, कारण शब्द हे सगळे बाजूला ठेवतो आणि दोघांना पेलेल एवढेच पुढे सरकवतो. मस्क ज्याला गळती म्हणतात, ती गळतीच संवाद शक्य करते. बागायतदाराच्या मेंदूतली पेशींची सारी हालचाल त्या मुलाच्या मेंदूत जशीच्या तशी ओतली, तर त्याला आंबा कळणार नाही. गोंगाट ऐकू येईल.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. दोन मेंदूंची लिपी वेगळी असली म्हणून काय झाले, कृत्रिम बुद्धिमत्ता एकीचे दुसरीत भाषांतर करायला शिकेल. शिकेलही. पण मग हा थेट संवाद उरत नाही. मध्ये दुभाष्या येऊन बसतो. आणि दुभाष्या जे ऐकतो तेवढेच सांगत नाही, जे तुटक ऐकू येते ते स्वतःच्या अंदाजाने सांधतो. वर सांगितलेल्या वाचेच्या यंत्रांतही हेच होते. मेंदूतून मिळणारे ध्वनी अर्धवट असतात, आणि त्यांच्यातून संभवनीय वाक्य निवडण्याचे काम भाषेचा प्रचंड साठा वाचलेली संगणकीय प्रणाली करते. रुग्ण समोर बसून पटलावरचे वाक्य वाचू शकतो आणि ‘हे माझे नव्हे’ म्हणू शकतो, म्हणून तिथे हा अंदाज खपतो. तोच अंदाज पटल वगळून थेट दुसऱ्याच्या मेंदूत लिहिला गेला, तर पाठवणाऱ्याला काय पोचले ते दिसणार नाही आणि घेणाऱ्याला कोणते शब्द मित्राचे व कोणते यंत्राचे ते कळणार नाही. बोललेल्या शब्दाची जबाबदारी बोलणाऱ्यावर असते, कारण तो त्याच्या तोंडून निघालेला असतो. इथे शब्द नक्की कोणाचा, हाच प्रश्न उरेल.

तिसरा आक्षेप मेंदूशास्त्रातूनच येतो. आपल्या डोक्यात डावा आणि उजवा असे दोन अर्धगोल सुमारे २० कोटी तंतूंच्या पुलाने जोडलेले आहेतच. ते दोन मिळून एक मन होत असेल, तर दोन माणसांचे का होणार नाही? तत्त्वतः याला नकार देता येत नाही. पण ते दोन अर्धगोल गर्भापासून एका शरीरात, एका रक्तावर, एकाच अनुभवात वाढलेले असतात. आणि त्यांच्यातलाही व्यवहार आपल्याला वाटतो तितका पारदर्शक नाही. अपस्मारावरच्या उपचारासाठी ज्यांचा हा पूल कापावा लागला, अशा रुग्णांवर रॉजर स्पेरी आणि मायकेल गॅझानिगा यांनी प्रयोग केले. स्पेरी यांना १९८१चे नोबेल मिळाले ते याच कामासाठी. गॅझानिगा यांचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. उजव्या अर्धगोलाला बर्फाचे दृश्य दाखवले आणि डाव्याला कोंबडीचा पंजा. उजव्याच्या ताब्यातल्या डाव्या हाताने बर्फ उपसायच्या फावड्याचे चित्र निवडले. फावडे कशाला, असे विचारल्यावर बर्फ न पाहिलेला, पण बोलता येणारा डावा अर्धगोल जराही न अडखळता म्हणाला, कोंबड्यांचे खुराडे साफ करायला. एका डोक्यातला शेजारीही शेजाऱ्याच्या कृतीचा अर्थ लावून मोकळा होतो, आणि तो अर्थ त्याला अंदाज वाटत नाही, ज्ञान वाटते. मराठीत मनकवडा असा एक सुंदर शब्द आहे. न सांगता मनातले ओळखणाऱ्याला आपण तो लावतो, आणि बहुधा अशा माणसाला लावतो ज्याने आपल्याबरोबर वर्षे काढलेली असतात. दोन मेंदू तारेने जोडले तरी त्यांना एकमेकांची सवय व्हायला तशीच वर्षे लागतील, आणि त्या वर्षांत ते जे घडवतील त्याला भाषा याखेरीज दुसरे नाव देता येणार नाही.

शब्दांवाचून भेटण्याची ओढ आपल्या परंपरेत जुनी आहे. चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवले, ही कथा मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वयाने लहान आणि ज्ञानाने मोठ्या माणसाला काय म्हणून संबोधावे हे सुचेना, म्हणून कागद कोराच राहिला. ज्यांना तो कोरा कागदही वाचता आला असे आपण मानतो, त्यांनी उत्तर मात्र कोरे पाठवले नाही. चांगदेव पासष्टीच्या पासष्ट ओव्या पाठवल्या. द्वैत मावळल्याची अनुभूतीसुद्धा दुसऱ्यापर्यंत न्यायची तर ओवीत बसवावी लागली. भाषेला मनांच्या आड येणारी भिंत समजणाऱ्यांनी या पासष्टीकडे पाहावे. विचार आपण पुष्कळदा बोलता बोलता, खोडून पुन्हा लिहिता लिहिता तयार करतो. तयार माल गोदामात पडून आहे आणि फक्त गाडी हवी, असे क्वचितच असते. भाषेत गैरसमज होतात हे खरे. पण भाषेतच ‘म्हणजे काय?’ असे विचारता येते, शब्द मागे घेता येतो, आणि मनातली गोष्ट मनातच ठेवता येते. ही सोय ज्या माध्यमात नसेल ते माध्यम भाषेहून गरीब आहे, त्याचा वेग कितीही असो.

मग हे तंत्रज्ञान फोल आहे का? मुळीच नाही. ज्यांचे मन शाबूत आहे पण शरीराने सारी दारे लावून घेतली आहेत, त्यांच्यासाठी मिनिटाला बासष्ट शब्द ही पुन्हा माणसांत येण्याची वाट आहे. तिथे भाषा टाळायची नसते, परत मिळवायची असते, म्हणूनच तिथे इतके लवकर यश आले. दोन निरोगी माणसांच्या मेंदूंना जोडून त्यांना बोलण्याहून अधिक काय देता येईल, हे अजून कोणी दाखवलेले नाही. पैसा आणि कौतुक मात्र या दुसऱ्या स्वप्नाकडे अधिक धावते.

धोक्याचेही असेच आहे. कोणी आपले विचार चोरून ऐकेल, ही भीती आज तरी अवाजवी आहे. टेक्सासच्या प्रणालीला सोळा तासांचे सहकार्य लागले आणि माणसाने मनात आकडे मोजायला किंवा दुसरीच गोष्ट सांगायला सुरुवात केली की ती फसली. तरी २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या एका अभ्यासात, बोलण्याचा प्रयत्न न करता मनातल्या मनात उच्चारलेले शब्दही काही प्रमाणात वाचता आले. मग मनात ठरावीक परवलीचे वाक्य म्हटल्याशिवाय यंत्राने काही वाचूच नये, अशी कुलपाची सोय संशोधकांनी स्वतः करून दाखवली. खरी काळजी यंत्राच्या सामर्थ्याइतकीच त्याच्यावरच्या आपल्या भाबड्या विश्वासाची आहे, आणि याचा अनुभव महाराष्ट्राला आधीच आलेला आहे. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खूनखटल्यात मेंदूच्या विद्युत्-लहरींवर आधारलेल्या चाचणीचा पुरावा ग्राह्य धरला, तेव्हा जगभरच्या मेंदूतज्ज्ञांच्या भुवया उंचावल्या. लहरींवरून आठवण सिद्ध होते, हे त्यांना मान्य नव्हते. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निर्णय दिला की नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींच्या चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. चिलीने मेंदूच्या व्यवहारांना संविधानात संरक्षण दिले ते २०२१ मध्ये. आपला निवाडा त्याच्या अकरा वर्षे आधीचा, पण तो पोलिसांच्या सक्तीपुरता आहे. ‘मी सहमत आहे’ या खुणेवर बोट ठेवून ग्राहक स्वतःच्या लहरी एखाद्या कंपनीला देऊन टाकतो, तिथे सक्ती दिसत नाही आणि सेल्वीचा निवाडा पोचत नाही. त्या बाबतीत स्पष्ट कायदा हवा, आणि तो बाजार भरण्यापूर्वी हवा.

तेव्हा या विषयात शिरणाऱ्या वाचकाला एकच विनंती. ‘विचार पाठवला’ असे जिथे जिथे वाचाल, तिथे थांबून पाहा की प्रत्यक्ष काय पाठवले गेले, त्याचा अर्थ आधी कोणी आणि कोणत्या भाषेत ठरवला, आणि मधली जोडणी तोडण्याचा हक्क कोणाच्या हाती ठेवला. पुढील प्रकरणांतल्या बहुतेक दाव्यांची किंमत एवढ्यावर कळते. तिरुवनंतपुरमहून स्ट्रासबर्गला गेले ते १४० बिट. ते अभिवादन आहे हे दोन्ही टोकांना समजले, कारण ती माणसे लहानपणी कुठल्या ना कुठल्या भाषेत अभिवादन करायला शिकली होती.